एरमॉडचा रन इतका वेळ का घेतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनकास्ट कोळसा खाणीचा ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा) अहवाल, सादरीकरण चार दिवसांवर आलेलं, आणि पडद्यावर एरमॉड, म्हणजे प्रदूषण कुठे किती पोचेल ते काढणारं संगणकीय मॉडेल, अजून फेब्रुवारीच्याच तासांत अडकलेलं. हवेच्या प्रदूषणाचं मॉडेलिंग करणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. या कामात नव्याने आलेली मुलंमुली मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी चंद्रपूरकडे असते तशी खाण धरली आहे. आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, ते कुठल्याही प्रत्यक्ष प्रकल्पाचे नाहीत.

एरमॉड असं काय करतं की त्याला इतका वेळ लागावा?

एकात एक तीन फेऱ्या. वर्षातला प्रत्येक तास घ्यायचा, त्या तासात प्रत्येक सोर्स (प्रदूषण जिथून निघतं ती जागा) घ्यायचा, आणि त्या सोर्समुळे प्रत्येक रिसेप्टरवर (प्रमाण काढायच्या ठरलेल्या बिंदूवर) किती प्रदूषक पोचतं ते काढायचं. सोर्स गुणिले रिसेप्टर गुणिले तास, इतक्या वेळा तेच गणित होतं. एका वेळचं गणित सेकंदाच्या अगदी छोट्या भागात उरकतं, पण ते शेकडो कोटी वेळा करायचं असतं.

आता एका वेळच्या गणितात काय असतं ते पाहू. एरमॉडच्या आधी आयएससीएसटी३ हे मॉडेल सर्रास वापरलं जाई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच्या जागी एरमॉडला मान्यता दिली. जुन्या मॉडेलमध्ये वातावरणाचे ए ते एफ असे सहा ठोकळ वर्ग होते. वर्ग ठरला की सूत्र ठरलं, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूचे रिसेप्टर सरळ वगळले जात. एरमॉड दर तासाला वारा, तापमान आणि हवेतली खळबळ उंचीनुसार कशी बदलते ते नव्याने बांधतं. दिवसा जमीन तापलेली असताना चिमणीच्या धुराचे तीन भाग धरतं: थेट खाली येणारा, मिश्रणाच्या थराच्या (जमिनीलगत हवा ढवळली जाते त्या थराच्या) वरच्या सीमेवर आपटून परत येणारा, आणि तो थर भेदून वर जाणारा. शिवाय मंद वाऱ्यात धूर इकडेतिकडे भरकटतो, तेही हिशेबात घेतं. त्यामुळे वाऱ्याच्या उलट दिशेचा रिसेप्टरही वगळता येत नाही. वेळ इथे खर्च होतो, आणि माझ्या मते तो योग्य जागी खर्च होतो.

रन लावायच्या आधी वेळेचा अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि तो न बांधता मोठा रन कधीच लावू नये. सगळे सोर्स आणि सगळे रिसेप्टर आहेत तसेच ठेवा, फक्त तारखा आखडून दहा दिवसांचा रन लावा. समजा त्याला १२ मिनिटं लागली, तर ३६५ दिवसांना साधारण सात तास अठरा मिनिटं लागतील.

एक काळजी मात्र घ्या. हे दहा दिवस फक्त जानेवारीतले नकोत. हिवाळ्याच्या रात्री वारा पडलेला असेल, तर असे शांत तास एरमॉड गणितच न करता सोडून देतं आणि अंदाज फार आशावादी येतो. मी दहा दिवस जानेवारीतले आणि दहा मेमधले असे दोन रन लावतो आणि त्यांची सरासरी धरतो. विसाएक मिनिटांचं हे काम पुढच्या दोन रात्री वाचवतं.

तास, सोर्स, रिसेप्टर. कात्री आधी कुठे लावायची?

रिसेप्टरना, कारण तिथे उधळपट्टी सर्वांत जास्त होते आणि ती कोणाच्या नजरेत येत नाही. आपल्याकडे अभ्यासक्षेत्र प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं धरतात, म्हणजे २० बाय २० किलोमीटरचा चौकोन. उत्साहाच्या भरात कोणी सगळीकडे १०० मीटर अंतरावर ग्रिड टाकतं. एका बाजूला २०१ बिंदू, एकूण ४०,४०१ रिसेप्टर. अंतर निम्मं केलं की रिसेप्टर चौपट होतात, हे सुरुवातीला मनावर ठसत नाही.

त्याऐवजी ग्रिड थराथराने टाका. मधल्या ४ बाय ४ किलोमीटरमध्ये १०० मीटरवर, मग १० बाय १० पर्यंत २५० मीटरवर आणि त्याबाहेर २० बाय २० पर्यंत ५०० मीटरवर. गंमत म्हणजे तिन्ही थरांत प्रत्येकी ४१ गुणिले ४१, म्हणजे १,६८१ बिंदू येतात. एकावर एक येणारे बिंदू काढून टाकले की ४,३१३ उरतात. ४०,४०१ च्या जागी ४,३१३ म्हणजे काम नवव्या हिश्श्याहूनही कमी. आणि समप्रमाण रेषांचा नकाशा? जमिनीलगतच्या सोर्ससाठी तो जवळपास तसाच दिसतो, कारण दूरवर प्रमाण हळूहळूच बदलत जातं.

उंच चिमणी असेल तर सावध राहा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारखी उंच धुराडी असली, तर जमिनीवरचं कमाल प्रमाण चिमणीच्या पायथ्याशी न येता काही किलोमीटर पुढे येतं. अशा वेळी आधी सगळीकडे विरळ ग्रिडवर एक रन लावा, कमाल कुठे येतं ते पाहा आणि दाट ग्रिड तिथे नेऊन टाका.

मग वेळ वाचवायला गावाजवळचे किंवा कुंपणावरचे रिसेप्टर कमी केले तर?

करू नका. हे मी कळकळीने सांगतो. ग्रिड विरळ करायची ती जिथे कोणी राहत नाही आणि प्रमाण सावकाश बदलतं तिथे. खाणीच्या कुंपणालगत, गावाच्या वेशीवर, शाळेत, दवाखान्यात रिसेप्टर हवाच, आणि तोही स्वतंत्र बिंदू म्हणून नेमक्या अक्षांश-रेखांशावर. असे पन्नास बिंदू वाढले तरी रनला काही मिनिटंच जास्त लागतात. ५०० मीटरच्या ग्रिडमध्ये एखादी वस्ती दोन बिंदूंच्या मधे पडली, तर तिच्या वाट्याचा आकडा तक्त्यात येतच नाही. नकाशावर रेषा सुंदर दिसतात, पण त्या घरांतली माणसं श्वासाबरोबर काय घेणार आहेत ते कोणी मोजलेलंच नसतं.

हॉल रोडसाठी व्हॉल्यूम सोर्स घ्यावेत, एरिया घ्यावा की लाइन?

हॉल रोड म्हणजे खाणीतला डम्परचा रस्ता. मॉडेलमध्ये तो धुळीच्या ठोकळ्यांची रांग (व्हॉल्यूम), पृष्ठभाग (एरिया) किंवा रेषा (लाइन) म्हणून मांडता येतो. खाणीच्या मॉडेलिंगमध्ये रन किती चालणार, हे बरंचसं या एका निवडीवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डम्परच्या चाकांनी उडणारी धूळ हा खाणीतला मोठा सोर्स. समजा हॉल रोड ६ किलोमीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हॉल रोड कार्यगटाच्या २०१२ मध्ये प्रसृत झालेल्या शिफारशींनुसार, दुतर्फा वाहतुकीसाठी धुळीच्या पट्ट्याची रुंदी म्हणजे रस्त्याची रुंदी अधिक ६ मीटर, म्हणजे इथे २२ मीटर. व्हॉल्यूम सोर्स एकमेकांना चिकटून ठेवले तर ६,००० भागिले २२, म्हणजे सुमारे २७३ सोर्स. एका रस्त्याचे. वरच्या ४,३१३ रिसेप्टर आणि ८,७६० तासांशी गुणाकार केला की सुमारे १,०३१ कोटी गणितं होतात. तोच रस्ता ४०,४०१ रिसेप्टरच्या ग्रिडवर टाकला तर ९,६६२ कोटी. त्यात कोळशाचा रस्ता वेगळा, ओव्हरबर्डनचा (कोळशावरच्या माती-दगडाचा, म्हणजे ओबीचा) वेगळा आणि रेल्वे सायडिंगपर्यंतचा तिसरा असला की रन दिवसांत का मोजावा लागतो ते उमगतं.

रस्त्याच्या जवळ कोणी राहत नसेल तर सोर्स एक सोडून एक ठेवता येतात, म्हणजे दोन सोर्समधलं अंतर पट्ट्याच्या दुप्पट. संख्या निम्मी होते. उत्सर्जन मात्र त्या प्रमाणात वाढवायला विसरू नका. ही चूक मी परीक्षणाला आलेल्या फायलींमध्ये एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे, आणि ती निकाल सरळ अर्ध्यावर आणते.

एरिया सोर्स घेतला तर तोच रस्ता आठदहा लांबट आयतांत बसतो. संख्या कमी झाली म्हणून वेळही कमी लागेल असं वाटतं, पण दर वेळी तसं होत नाही. व्हॉल्यूम सोर्सला एक सूत्र पुरतं. एरिया सोर्ससाठी मात्र त्या क्षेत्रफळावर संख्यात्मक पद्धतीने समाकलन करावं लागतं, पुरेशी अचूकता येईपर्यंत तुकडे पुन्हा पुन्हा बारीक करत. रिसेप्टर एरियाच्या जवळ किंवा आतच असला तर हे तुकडे आणखी वाढतात. लाइन सोर्स म्हणून जो पर्याय मिळतो तो आतून एरियाच आहे, फक्त त्याची माहिती भरणं सोपं.

मग एरिया घ्यायचाच कशाला? कारण व्हॉल्यूम सोर्सच्या अगदी जवळ एक वर्ज्य पट्टा असतो, आणि त्यात पडलेल्या रिसेप्टरवर एरमॉड त्या सोर्सचं गणितच करत नाही. घर रस्त्याला लागून असेल तर व्हॉल्यूम सोर्स त्या घरावरची धूळ शून्य दाखवू शकतो. अशा ठिकाणी रस्त्याचा तेवढाच तुकडा एरिया करा, बाकीचा व्हॉल्यूम राहू द्या. वेळ थोडा वाढेल, पण आकडा खरा येईल.

खाणीचा खड्डा, कोळशाचे ढीग, ओबी डम्प यांचं काय?

खड्ड्यासाठी एरमॉडमध्ये ओपनपिट हा वेगळा प्रकार आहे. तो दर तासाला वाऱ्याची दिशा पाहून खड्ड्याच्या आत एक परिणामी क्षेत्र ठरवतो आणि पुढे एरियासारखंच समाकलन करतो, त्यामुळे तो महाग पडतो. ढीग आणि डम्पसाठी बहुकोनी एरिया वापरताना कोपरे मोजके ठेवा. गूगल अर्थवरून ढिगाची सीमा आखताना लोक चाळीसचाळीस बिंदू टिपतात. हवेला तेवढी नक्षी कळत नाही, वेळ मात्र वाढतो. सहा-आठ कोपरे पुरतात.

एका हंगामाची मेट (हवामानाची) फाइल वापरली तर रन चौपट लवकर संपेल ना?

संपेल. मार्च ते मे म्हणजे ९२ दिवस, २,२०८ तास. वर्षाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आपल्याकडच्या ईआयएमध्ये पावसाळा सोडून एका हंगामाची प्रत्यक्ष मोजणी करण्याची रीत आहे, म्हणून मॉडेलही पुष्कळदा तेवढ्याच तासांवर चालवलं जातं.

पण निर्णय घड्याळ पाहून घेऊ नका. आपली राष्ट्रीय मानकं १८ नोव्हेंबर २००९ ची आहेत. त्यांत पीएम १० साठी २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि वार्षिक ६०. पीएम २.५ साठी त्याच मर्यादा ६० आणि ४०. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांवरून वार्षिक सरासरी कशी काढणार? विदर्भात उन्हाळ्यात वारा जोराचा आणि मिश्रणाचा थर उंच असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तोच थर जमिनीला टेकल्यासारखा होतो. मेट फाइल वर्षभराची मिळत असेल तर रनही वर्षभराचाच करा. अमेरिकेतल्या प्रकल्पांसाठी प्रकल्पस्थळावरची मोजणी नसेल तर हवामान केंद्राची पाच वर्षांची फाइल लागते, म्हणजे सुमारे ४३,८०० तास. आपण एका वर्षालाच कुरकुरतो.

डोंगराळ भूभागामुळे किती वेळ वाढतो?

सपाट पर्याय (सगळी जमीन सपाट धरण्याचा) निवडला नसेल तर एरमॉड प्रत्येक रिसेप्टरवर धूर दोन तऱ्हांनी मोजतं: डोंगराला वळसा घालून किंवा त्यावर आपटून आडवा जाणारा, आणि डोंगराच्या अंगावरून वर चढणारा. मग दोन्हींना योग्य वजन देऊन उत्तर काढतं. साहजिकच काम वाढतं.

महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या, सह्याद्रीच्या पायथ्याशी दरीत वसलेल्या जागी सपाट पर्यायाचा विचारही करू नये. तिथे दरीच्या उतारावरची वाडी चिमणीच्या तोंडाच्या उंचीवर असू शकते. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या सपाट मुलखात, जमिनीलगतच्या सोर्ससाठी, सपाट पर्यायाचा बचाव करता येतो; पण कारण अहवालात लिहावं लागेल.

खाणींच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सुटते. आपण सगळे एसआरटीएमची उंचीची माहिती फुकट उतरवून घेतो. ती अवकाशयानातून फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेली आहे. त्यानंतर उभे राहिलेले ओबी डम्प आणि खोदलेले खड्डे तिच्यात नाहीत. मॉडेल मन लावून डोंगराचं गणित करतं, आणि खरा डोंगर त्याला ठाऊकच नसतो.

एरमॅपच तासभर चालतोय, हे बरोबर आहे का?

एरमॅप हा एरमॉडला भूभागाची उंची पुरवणारा जोडप्रोग्राम. तो प्रत्येक रिसेप्टरसाठी आसपासच्या भूभागात कोणत्या टेकडीचा प्रभाव पडेल ते शोधतो. त्यासाठी नेमलेल्या क्षेत्रातल्या उंचीच्या बिंदूंची छाननी होते. क्षेत्र गरजेपेक्षा अवाढव्य ठेवलं, किंवा रिसेप्टर चाळीस हजार असले, तर वेळ लागणारच. पण हे काम एकदाच करायचं असतं. रिसेप्टर बदलले नाहीत तर जुनी फाइल पुन्हा वापरा.

इमारतींचा परिणाम धरला की रन मंदावतो, हे खरं का?

हो, पण फक्त बिंदू सोर्ससाठी, म्हणजे चिमण्यांसाठी. प्राइम ही पद्धत इमारतीमागच्या भोवऱ्यात धूर कसा खाली ओढला जातो ते पायरीपायरीने मोजते. डझनभर बुटक्या चिमण्या आणि दाटीवाटीच्या शेड असलेल्या रासायनिक कारखान्यात हा फरक जाणवतो. खाणीत तो सहसा जाणवत नाही.

धूळ खाली बसण्याचं गणित चालू ठेवू का?

अहवालात काय मागितलं आहे ते आधी वाचा. धूळ बसण्याचं गणित चालू केलं की प्रत्येक सोर्सच्या धुळीचे कणांच्या आकाराप्रमाणे गट पडतात आणि प्रत्येक गटाचं खाली बसणं वेगळं मोजलं जातं. दहा गट दिले तर तेवढं काम वाढलं. नव्या लोकांना जास्त गट म्हणजे जास्त अचूकता असं वाटतं. प्रत्यक्षात आकारमानाची मोजणीच तीन गटांची असेल तर दहा गट कुठून आणणार? तीन खरे गट द्या.

मात्र खाणीसाठी हे गणित सरसकट बंद करू नका. ते बंद केलं तर जाड धूळ दूरपर्यंत हवेतच राहते आणि लांबच्या गावांचे आकडे फुगतात. शिवाय कापसावर, भाजीपाल्यावर बसणारी धूळ हा या भागातल्या शेतकऱ्यांचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फक्त याच गणितातून मिळतं.

नायट्रोजन डायऑक्साइडच्या रनला इतरांपेक्षा जास्त वेळ का लागतो?

चिमणीतून निघतो तो बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचा डायऑक्साइड होतो. हे मोजायच्या एरमॉडमधल्या पद्धतींपैकी तीन नेहमी वापरल्या जातात. एआरएम२ फक्त एक गुणोत्तर लावते. तिचा वेळ जाणवतही नाही. ओएलएम उपलब्ध ओझोनची मर्यादा घालते. या तिघींत पीव्हीएमआरएम सर्वांत जड: प्रत्येक रिसेप्टरवर मुख्य वाटा कोणत्या सोर्सचा, त्याच्या धुरात आणखी कोणाचा धूर मिसळतो आणि त्या आकारमानात ओझोन किती मावतो, हे सगळं ती दर तासाला काढते. सोर्स वाढले की ती विलक्षण रेंगाळते.

आपल्या मानकांत या वायूसाठी २४ तासांची आणि वार्षिक मर्यादा आहे, एका तासाची नाही. त्यामुळे इथल्या प्रकल्पांना पीव्हीएमआरएमची गरज क्वचितच पडते. परदेशी प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना ती लागते. आधी एआरएम२ लावून पाहा. तिथेच मर्यादेच्या आत असाल तर पुढे जायचं कारण नाही.

पीएम १०, पीएम २.५ आणि सल्फर डायऑक्साइड यांचे तीन वेगळे रन लावावे लागतात का?

पुष्कळदा नाही. रसायनक्रिया आणि धूळ बसणं धरलेलं नसेल, तर उत्सर्जन दुप्पट झालं की प्रमाणही दुप्पट होतं, इतकं हे साधं नातं आहे. प्रत्येक सोर्सला सेकंदाला एक ग्रॅम उत्सर्जन द्या, प्रत्येक सोर्सचा निकाल वेगळा मागवा आणि पुढे प्रत्येक प्रदूषकाचा खरा दर बाहेर गुणा. उत्सर्जनाचा आकडा सादरीकरणाच्या आदल्या दिवशी बदलला तरी नवा रन लागत नाही, आणि तो आकडा आदल्या दिवशीच बदलतो. दोन-तीनशे सोर्स असतील तर या फायली प्रचंड होतात, तेव्हा सारखं वागणारे सोर्स आधी गटात बांधा.

खाण रात्री बंद असते. त्याने वेळ वाचतो का?

वाचतो, जर ते मॉडेलला सांगितलं तर. तासानुसार उत्सर्जनाचे गुणक देता येतात. ज्या तासाला गुणक शून्य, त्या तासाला एरमॉड त्या सोर्सचे रिसेप्टर फिरतच नाही. वाहतूक १६ तास चालत असेल तर हॉल रोडचं एकतृतीयांश काम गळालं. पण खाण खरोखर बंद असेल तरच हे करा. रात्रपाळी चालते आणि मॉडेलमध्ये मात्र बंद दाखवली आहे असं झालं, तर सर्वांत वाईट तासच हिशेबातून निसटले, कारण रात्रीचीच हवा कोंडलेली असते.

आउटपुटच्या फायलींमुळे रन मंदावतो का?

१, ८ आणि २४ तासांच्या सरासऱ्या एकत्र मागितल्याने फार फरक पडत नाही. मूळ गणित एकदाच होतं. फरक पडतो तो प्रत्येक तासाचा प्रत्येक रिसेप्टरचा आकडा लिहून ठेवणाऱ्या पोस्टफाइलने. ४,३१३ रिसेप्टर गुणिले ८,७६० तास म्हणजे ३ कोटी ७७ लाखांहून जास्त ओळी. एक ओळ १०० अक्षरांची धरली तरी सोर्सच्या एका गटाची फाइल जवळपास ३.८ जीबीची होते. पाच गट मागितले तर डिस्क लिहीतच बसते. २४ तासांची पोस्टफाइल पुरत असेल तर तीच घ्या, आणि शक्य असेल तर मजकुराऐवजी बायनरी रूपात घ्या.

फास्टऑल, फास्टएरिया हे पर्याय वापरावेत का?

चाचणीसाठी बेलाशक वापरा. फास्टएरिया समाकलनाचं काम आखडतं, फास्टऑल त्याबरोबर धूर भरकटण्याचं गणितही सोपं करतं. मोठ्या रनमध्ये फरक चांगलाच जाणवतो. तिसरा पर्याय आहे ठरावीक अंतराने निवडक तासच मोजायचा. तो फक्त वार्षिक सरासरीपुरता. पण हे तिन्ही नियामक डीफॉल्टमध्ये, म्हणजे नियामकाने ठरवलेल्या पर्यायांत, बसत नाहीत. अहवालात जाणारा शेवटचा रन साध्या, पूर्ण पर्यायावरच हवा. ग्रिड कुठे दाट करायची, कोणता सोर्स प्रबळ आहे, हे ठरवण्यापुरते हे पर्याय उत्तम आहेत.

मी सोळा कोअरचा नवा संगणक घेतला. रन तेवढाच वेळ घेतोय. का?

कारण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं मूळ एरमॉड एकच कोअर वापरतं. उरलेले पंधरा स्वस्थ बसतात. त्यामुळे संगणक निवडताना कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग किती हे पाहा. क्लाउडवरचं भाड्याचं यंत्र घेतलं तरी तोच नियम. काही कंपन्या समांतर चालणाऱ्या आवृत्त्या विकतात, आणि मूळ फोरट्रान कोड खुला असल्याने तुम्ही तो स्वतः कंपाइलही करू शकता. कंपायलर आणि त्याचे पर्याय यांवरही वेग ठरतो.

फुकटचा उपाय म्हणजे काम वाटून देणं. रिसेप्टरांचे आठ गट करा, आठ वेगळ्या फोल्डरमध्ये आठ रन एकाच वेळी लावा. हा सर्वांत निर्धोक मार्ग, कारण एका रिसेप्टरचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नसतं. शेवटी याद्या एकाखाली एक जोडायच्या.

सोर्स वाटले तर जपून. वार्षिक सरासऱ्या सरळ बेरीज करून मिळतात. २४ तासांच्या कमाल आकड्यांची मात्र बेरीज करता येत नाही, कारण रस्त्याचं कमाल एका दिवशी आणि चिमणीचं दुसऱ्याच दिवशी आलेलं असतं. बेरीज दिवसानुसार पोस्टफाइलमधून करावी लागते. आणि पीव्हीएमआरएम किंवा ओएलएम असेल तर सोर्स वाटायचेच नाहीत. सगळ्यांनी मिळून एकच ओझोन वापरायचा असतो. वेगळं केलं की प्रत्येकाला पूर्ण ओझोन मिळतो आणि उत्तर चुकतं.

रात्रभर लावलेला रन सकाळी मेलेला असतो. काय करावं?

माझ्याबरोबर हे झालं आहे. एकतीस तास चाललेला रन, आणि पहाटे संगणकाने स्वतःला अद्ययावत करून पुन्हा सुरू करून घेतलं. त्या दिवसापासून पाळतो ते असं: आपोआप पुन्हा सुरू होणं पुढे ढकलायचं, झोपेची सेटिंग बंद, लॅपटॉप बॅटरीवर कधीच नाही. रनचा फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या जागेत ठेवायचा नाही, नाहीतर दर क्षणी वाढणारी फाइल पुन्हा पुन्हा वर चढत राहते. यूपीएस तर हवाच. विदर्भात उन्हाळ्यात तो हवा हे सांगायला नको.

एरमॉडमध्ये ठरावीक दिवसांनी मधली स्थिती जतन करण्याची सोयही आहे. दर दहा दिवसांनी जतन करा म्हटलं, तर वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं.

पुण्याची सफर यंत्रणा रोज अख्ख्या शहराच्या हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देते. मग आपल्यालाच एका खाणीला इतका वेळ का?

तो वेगळ्या जातीचा हिशेब आहे. आयआयटीएमची (पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) ती मॉडेलं हवेचे घन चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात वारा, रसायनं, ढग सगळं पुढे सरकवतात. तिथे वेळ सोर्सच्या संख्येवर फारसा ठरत नाही, चौकोनांच्या आकारावर ठरतो. आडवं अंतर निम्मं केलं की चौकोन चौपट, आणि गणित ढासळू नये म्हणून वेळेची पायरीही निम्मी. मिळून काम आठपट. म्हणून तिथे हजारो कोअर एकत्र जुंपावे लागतात. आयआयटीएममधला प्रत्यूष हा महासंगणक २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा ४ पेटाफ्लॉपचा (हे संगणकाच्या वेगाचं माप) होता. २०२४ मध्ये आलेला अर्क ११.७७ पेटाफ्लॉपचा आहे. पण ज्या चौकोनाची बाजूच किलोमीटरभर आहे, त्यात कुंपणापासून ८० मीटरवरचं घर वेगळं दिसत नाही. त्या घरासाठी एरमॉडच लागतं.

माझा रन अपेक्षेपेक्षा फारच लवकर संपला. चांगलंच झालं ना?

आधी आउटपुटचा शेवट उघडा. तिथे शांत तास किती आणि गहाळ तास किती हे छापलेलं असतं. ८,७६० पैकी तीन हजार तास शांत म्हणून वगळले गेले असतील, तर रन लवकर संपला तो त्यामुळे, आणि सर्वांत कोंदट हवेचे तास गणितातून गेले. वाऱ्याची माहिती कुठून घेतली, यंत्राला किती मंद वारा टिपता येतो, ते तपासा.

मग सोर्सचे दर पाहा. गुणकांच्या तक्त्यात चुकून शून्य भरलं गेलं असेल तर अख्खा हॉल रोड वर्षभर बंद राहिला असेल. रिसेप्टरांची उंची सगळीकडे शून्य आहे का? म्हणजे एरमॅपची फाइल जोडलीच गेली नाही. आणि शेवटी यूटीएम झोन, म्हणजे नकाशावरचे निर्देशांक ज्या उभ्या पट्ट्यात मोजतात तो. मुंबई-पुणे ४३ मध्ये येतात, नागपूर-चंद्रपूर ४४ मध्ये. पुण्याच्या जुन्या प्रकल्पाची फाइल नक्कल करून चंद्रपूरचं काम सुरू केलं आणि झोन बदलायचा राहिला, तर सोर्स एकीकडे आणि गावं शेकडो किलोमीटर दूर असं होऊ शकतं. रन बिनतक्रार पूर्ण होतो आणि तक्त्यात प्रत्येक गावापुढे शून्य येतं.